श्वासाचा अधिकार

दिल्लीच्या नैर्ऋत्येस, गुरुग्राम ओलांडून जयपूरच्या हमरस्त्याला लागले म्हणजे मानेसर लागते. तेथे फियाट ह्या इटालियन कंपनीच्या परवान्याने १२४८ घनसेंटिमीटरांचे एक डिझेल इंजिन सन २००६-०७पासून मारुती-सुझुकीच्या गाड्यांसाठी तयार होऊ लागले, आणि पुढे तेच इंजिन दोन निरनिराळ्या रूपांनी रस्त्यावर आले. स्विफ्टसारख्या हलक्या गाडीत बसले ते ७५ अश्वशक्तीचे. एसएक्स-४ आणि एर्टिगा ह्या अंगाने भारी गाड्यांत बसले ते ९० अश्वशक्तीचे. सिलिंडर तेवढेच, त्यांचे आकारमानही तेच. मुख्य भेद एवढाच की पहिल्याला ज्याच्या झोताचे तोंड कायमचे ठरलेले असते असा स्थिर भूमितीचा टर्बोचार्जर दिलेला होता, आणि दुसऱ्याला ज्याची पाती हलून ते तोंड लहानमोठे होऊ शकते असा चलभूमितीचा. पहिले इंजिन आपले सर्वाधिक पीळबळ (टॉर्क), १९० न्यूटन-मीटर, मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर देई. दुसरे २०० न्यूटन-मीटर, तेही १७५० फेऱ्यांवरच. आपल्याकडे रांजणगावी, महागणपतीच्या शेजाराने वसलेल्या कारखान्यात, ह्याच घराण्याची इंजिने ह्याच दोन रूपांत टाटांच्या गाड्यांसाठी निघत असत.

आता सरळ विचार करणारा कोणीही विचारील की, दुसरे रूप जर उघडच सरस, तर ते सर्वांनाच का दिले नाही? किंमत, हे ह्याचे व्यापारी उत्तर आहे, आणि ते खोटे नाही. परंतु ते अर्धे आहे. उरलेल्या अर्ध्यात जो प्रश्न दडलेला आहे तो आपल्या धर्मविचाराचा फार जुना प्रश्न आहे: श्रेष्ठत्व हे वस्तूच्या अंगी असते, की वस्तू आणि तिचा धनी ह्यांच्या संबंधात असते? सर्वांना एकच मार्ग उत्तम, की ज्याचा त्याचा मार्ग निराळा?

परंपरेने ह्या प्रश्नाला अधिकारभेदाचे उत्तर दिले. मंत्र देण्यापूर्वी गुरूने शिष्याची तयारी पाहावी, कर्माने ज्याचे चित्त शुद्ध झालेले नाही त्याच्यापुढे ज्ञानाची पोथी उघडू नये, ही त्यातली शहाणीव. ब्रह्मसूत्रांवरील भाष्याच्या प्रारंभीच शंकराचार्य जिज्ञासूच्या अंगी कोणती चार साधने असावीत हे सांगतात, आणि ती चारही अंतरंगाची आहेत: विवेक, वैराग्य, शमदमादी संपत्ती आणि मोक्षाची तळमळ. ग्रीकांच्या अॅरिस्टॉटलनेही हेच आपल्या रीतीने सांगितले. सद्गुण हा मध्यममार्ग खरा, पण तो मध्य अंकगणिताचा नव्हे, ज्याच्या त्याच्या मानाने ठरणारा. मायलो नावाच्या पहिलवानाला जो आहार तुटपुंजा तोच नुकत्याच आखाड्यात उतरलेल्याला अतोनात होतो. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर जी प्रवचने केली आणि साने गुरुजींनी जी उतरून घेतली, त्यांत तर स्वधर्म शोधावा लागत नाही, तो आपल्या जन्माबरोबरच आपल्यापाशी येतो, असा विचार मांडलेला आहे. इंजिनाच्या बाबतीत तो तंतोतंत खरा आहे. कारखान्यातून बाहेर पडतानाच त्याचे आकारमान, त्याची फेऱ्यांची मर्यादा, त्याच्या पिस्टनांची सोशिकता ठरून गेलेली असते. माणसाच्या बाबतीत तो कितपत खरा, हे पुढे पाहू.

प्रथम यंत्र समजून घेतले पाहिजे. इंजिनाचा जो उच्छ्वास एरवी नळीवाटे वाया जायचा, त्याच्या वाटेवर एक लहानसे चक्र बसवायचे. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र बसवून त्याच्याकरवी बाहेरची हवा दाबून सिलिंडरात भरायची. हवा अधिक गेली म्हणजे इंधनही अधिक जाळता येते आणि लहान इंजिन मोठ्याचे काम करते. एवढीच कल्पना, आणि ती स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखीने १९०५ साली पेटंट करून ठेवली. जहाजांच्या इंजिनांतून ती व्यवहारात यावयास पुढे वीस वर्षे गेली. मोटारीतल्या लहान टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाखांच्या घरात फेरे घेतो. एका अंगाला सातआठशे अंश उष्णतेचा धूर, दुसऱ्या अंगाला बाहेरची हवा, आणि मध्ये त्या दांड्याला तोलून धरणारा केवळ तेलाचा एक पातळ पापुद्रा. गीतेच्या चौथ्या अध्यायात प्राण आणि अपान ह्यांच्या परस्परांत होणाऱ्या हवनाला यज्ञ म्हटलेले आहे, त्याची येथे आठवण होणे साहजिक आहे. पण असल्या साम्यांवर फार रेलून बसू नये, नाहीतर आपले पूर्वज टर्बो जाणत होते असे सिद्ध करणारा एखादा विद्वान उद्या उभा राहील.

ह्या यंत्राची खरी गंमत त्याच्या परावलंबनात आहे. हवा भरावयाची तर धुराचा जोर हवा, आणि धुराला जोर यावयाचा तर आधी हवा भरली गेली पाहिजे. नैयायिक ज्याला अन्योन्याश्रय म्हणतात आणि ज्याच्यामुळे एखादा युक्तिवाद तत्काळ बाद होतो, तो दोष ह्या यंत्रात मूळचाच आहे. फरक इतकाच की तर्कशास्त्रात त्याने गाडी अडते आणि येथे ती फक्त क्षणभर रेंगाळते. पाय दाबल्यापासून जोर येईपर्यंतच्या ह्या विलंबाला चालक ‘लॅग’ म्हणतात, आणि टर्बोच्या जातींचा सगळा पसारा हा विलंब कोठे सोसायचा आणि कोठे टाळायचा ह्या एका विवंचनेतून वाढलेला आहे. लहान टर्बो थोड्या धुरानेही लगेच फिरतो, पण इंजिन भरधाव झाले की तोच घशात बोळा बसावा तसा आड येतो, म्हणून जादा धूर बाजूने सोडून देणारी झडप, वेस्टगेट, त्याला लागते. मोठा टर्बो उशिरा जागा होतो, पण जागा झाल्यावर दूरवर साथ देतो. जुळ्या नळ्यांचा ट्विन-स्क्रोल एका सिलिंडरच्या धुराचा धक्का दुसऱ्याच्या धुराला मारक होऊ नये म्हणून त्यांना निराळ्या वाटांनी आणतो. कोणी लहान आणि मोठा असे दोन टर्बो एकामागून एक कामाला लावतो. आणि चलभूमितीचा टर्बो आपल्या पात्यांनी धुराची वाट, बागेतल्या नळीचे तोंड अंगठ्याने दाबावे त्याप्रमाणे, कमी धुराला अरुंद आणि जास्त धुराला रुंद करून देतो.

ह्यांपैकी चांगला कोणता, ह्या प्रश्नाला अभियंता शब्दांनी उत्तर देत नाही. तो एक नकाशा पुढे करतो. आडव्या अंगाने वाहणाऱ्या हवेचे माप, उभ्या अंगाने दाबाचे गुणोत्तर, आणि मध्ये समुद्रातील बेटांसारखी कार्यक्षमतेची वलये. डावीकडे एक रेषा असते. तिच्या पलीकडे हवा पुढे जाण्याऐवजी उलटी फिरते, भसभस आवाज होतो, चक्राला हादरे बसतात. उजवीकडे दुसरी मर्यादा. तिच्या पलीकडे चक्र कितीही फिरले तरी हवा वाढत नाही, नुसती तापते. ह्या दोन मर्यादांच्या मधून आपल्या इंजिनाची रोजच्या चालीची रेषा जास्तीत जास्त आतल्या बेटावरून जाईल असे चक्र निवडणे, म्हणजे टर्बो जुळविणे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्या नकाशात ‘उत्तम’ अशी जागा आहे, पण ती चक्राची जागा आहे. तुमचे इंजिन तेथे राहते की नाही हे नकाशाला ठाऊक नसते. दिल्लीच्या उत्तरेकडील संजय गांधी ट्रान्स्पोर्ट नगरातून माल भरून मुंबईकडे निघालेला ट्रक तासन्‌तास एकाच फेऱ्यांवर एकच ओझे ओढतो, त्याला पात्यांच्या चतुराईचे फारसे काम नाही. ठरलेल्या तोंडाचा, दणकट, वाटेतल्या कोणत्याही गॅरेजात खुलणारा टर्बो हाच त्याचा स्वधर्म. नोएडाहून गुरुग्रामला कचेरीत जाणारा, धौला कुआंपाशी पावलापावलाने सरकणारा गृहस्थ ज्या जोराची जाहिरात पाहून गाडी घेतो त्या जोराच्या फेऱ्यांपर्यंत आठवडाभर पोहोचतही नाही. त्याला लवकर जागे होणारे लहान चक्र पुरे. उन्हाळ्यात मनालीवरून लेहकडे चढणाऱ्याची कथा आणखी निराळी, कारण तेथे हवाच विरळ, आणि समुद्रसपाटीवर चैन वाटणारा टर्बो तेथे गरज होऊन बसतो.

येथवर अधिकारभेदाचा पक्ष मी मनापासून मांडला. परंतु त्या सिद्धान्ताला एक दुखणे आहे, आणि तेही दिल्लीनेच दाखवून दिले.

दिनांक १६ डिसेंबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, राजधानीची हवा श्वास घेण्याजोगी उरली नाही हे जाणून, दोन हजार घनसेंटिमीटर आणि त्याहून अधिक क्षमतेच्या डिझेल मोटारींची नोंदणी दिल्ली व राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात तहकूब करण्याचा हुकूम दिला. हेतूविषयी वाद नाही. पण माप कशाचे घेतले? सिलिंडरच्या पोकळीचे. आणि टर्बो आल्यापासून नेमके तेच माप इंजिन किती हवा घेते आणि किती इंधन जाळते ह्याची अपुरी साक्ष देऊ लागले आहे. परिणाम व्हायचा तो झाला. पुढच्याच जानेवारीत महिंद्र कंपनीने आपल्या २.२ लिटरच्या इंजिनाचे १.९९ लिटरचे रूप ह्या प्रदेशासाठी बाजारात आणले. एक्सयूव्ही-५०० ह्या गाडीत अश्वशक्ती पूर्वीचीच, १४०, ठेवली आणि पीळबळ किंचित उणे झाले. कायद्याच्या उंबरठ्याखालून गाडी अंग चोरून आत आली. कंपनीला मी दोष देत नाही. उंबरठा ज्याने जेथे बांधला तेथूनच लोक वाकतात. पुढे १२ ऑगस्ट २०१६ रोजी ती बंदी उठली आणि तिच्या जागी किमतीच्या एक टक्का पर्यावरण-आकार बसला. प्रायश्चित्ताला दक्षिणेचा पर्याय देणाऱ्या आपल्या धर्मशास्त्रकारांना ह्यात नवल वाटले नसते.

अधिकार तपासताना अंतरंग पाहणे कठीण म्हणून बाह्य खूण पाहायची, आणि ती खूण जन्माबरोबर चिकटलेली घ्यायची, म्हणजे नाक्यावरच्या अंमलदाराला नुसते कागदपत्र वाचून निवाडा देता येतो. ही सोय आहे, आणि सोय म्हणून ती मला समजते. मात्र सोयीचा सिद्धान्त झाला की काय होते हेही पाहावे. ज्या भाष्याच्या आरंभी शंकराचार्यांनी अंतरंगाची चार साधने सांगितली, त्याच भाष्याच्या पहिल्या अध्यायात, तिसऱ्या पादाच्या उत्तरार्धात, शूद्राला वेदाधिकार नाही असे जन्मावरून ठरविले. आरंभीच्या तराजूत विवेक तोलला होता, पुढच्यात घराणे.

दिल्लीत मोटारीच्या सुट्या भागांचा जो सर्वांत मोठा बाजार, तो कश्मीरी गेटला. तेथून उत्तरेला सिव्हिल लाइन्सकडे जो अलीपूर रोड जातो, त्याच्यावरील २६ क्रमांकाच्या बंगल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या शेवटच्या वर्षांत राहिले आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी तेथेच निवर्तले. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण न झालेल्या १९३६च्या त्यांच्या भाषणात नियम आणि तत्त्व ह्यांत केलेला भेद मला ह्या सगळ्या प्रकरणाची किल्ली वाटतो. नियम काय करावे ते सांगतो आणि विचार थांबवितो. तत्त्व कसे पारखावे ते सांगते आणि करणाऱ्याला जबाबदार धरते. नियमांचा धर्म त्यांनी धर्मच मानला नाही. दोन हजार घनसेंटिमीटर हा नियम आहे. गाडी प्रत्यक्ष रस्त्यावर, ओझ्याखाली, चढावर काय सोडते हे मोजा, हे तत्त्व आहे. आपल्याकडे त्या तत्त्वाचा अंमल १ एप्रिल २०२३पासून नव्या गाड्यांवर सुरू झाला. मात्र पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यातील पीयूसीच्या, म्हणजे प्रदूषण-तपासणीच्या, टपरीवर डिझेल गाडी उभ्या जागी, गिअर न टाकता, नुसती गुरगुरवून तपासतात. टर्बोला खरे काम ओझ्याखाली पडते आणि तेथे ओझेच नसते, तेव्हा ज्याच्या चारित्र्याविषयी शंका आहे त्याला झोपेत असताना साक्षीला बोलावण्यासारखा तो प्रकार आहे.

अधिकाराच्या चर्चेत आणखी एक पक्षकार नेहमी विसरला जातो. गुरु आणि शिष्य, किंवा विकणारा आणि घेणारा, ह्यांनी परस्परांत ठरविले म्हणजे झाले असे आपण समजतो. परंतु चुकीच्या टर्बोने हवा अपुरी गेली आणि इंधन अर्धवट जळाले, तर तो काळा धूर गाडीच्या धन्याच्या छातीत जात नाही. तो मागच्या सायकलवाल्याच्या, ई-रिक्षावाल्याच्या, दुभाजकावर फुगे विकणाऱ्या मुलाच्या छातीत जातो. दिवाळीनंतरच्या दिल्लीत चार दिवस काढलेल्या कोणालाही हे पटवून द्यावे लागत नाही. आध्यात्मिक अधिकाराचीही गोष्ट हीच असली पाहिजे. माझ्या साधनेचा धूर कोणाच्या श्वासात जातो, हे विचारल्याशिवाय ती मला मानवते की नाही ह्याचा निर्णय पुरा होत नाही. अधिकारभेदाच्या जुन्या चर्चांत हा प्रश्न मला फारसा आढळला नाही.

आता राहिला विनोबांच्या विचाराचा धागा. इंजिनाचा स्वधर्म जन्मजात, हे मान्य. तथापि चलभूमितीचा टर्बो हे जन्मजात मर्यादेच्या आतही आपले रूप पालटण्याचे सामर्थ्य आहे, आणि माणूस जर कशासारखा असेल तर ह्याच्यासारखा. मात्र त्या सामर्थ्याची एक अट आहे, आणि ती यंत्रशाळेच्या पत्रकापेक्षा कश्मीरी गेटच्या दुकानांत अधिक स्पष्ट कळते. तेथील एखाद्या अरुंद दुकानात उभे राहिले तर फळीवर जुने टर्बो ओळीने मांडलेले दिसतात. दुकानदार एक उचलतो, हवेच्या बाजूच्या चक्राचा मधला नट दोन बोटांत धरून आधी बाजूला हलवतो, मग आतबाहेर ओढून पाहतो. बाजूला किंचित हलला तर चालते, तेल भरले की तो खेळ झाकला जातो. आतबाहेर हलला तर मात्र तो ‘इसमें प्ले है’ म्हणून बाजूला ठेवतो. मग धुराच्या बाजूचे कवच उघडून आतील पात्यांची कडी बोटाने फिरवतो. ती बहुधा फिरत नाही. काजळीने जाम झालेली असते.

काजळी धरते ती गाडी फार पळविल्याने नव्हे. रोज तीच गर्दी, तीच मंद चाल, तोच अर्धा उघडलेला कोन, अशा राहणीत धूर पुरेसा तापत नाही, पात्यांना कोन बदलण्याचे काम पडत नाही, आणि ज्या पात्यांपायी चार पैसे जादा मोजले ती हळूहळू एका जागी थिजतात. मग चलभूमितीचा महागडा टर्बो आणि ठरलेल्या तोंडाचा स्वस्त टर्बो ह्यांत उरतो तो इतकाच फरक की, दुसरा निदान योग्य जागी ठरलेला असतो. बदलण्याचे सामर्थ्य असणे आणि ते वापरात असणे ह्यांच्यामधले अंतर आपले योगशास्त्र अभ्यासाने भरून काढू पाहते. मिस्त्री त्यासाठी एवढेच सांगतात की, मधूनमधून गाडी यमुना एक्स्प्रेसवेवर नेऊन ओझ्याने ताणून चालवा, आणि दौड करून आल्यावर इंजिन एकदम बंद करू नका, मिनिटभर तसेच चालू ठेवा, म्हणजे तापलेल्या दांड्यावर तेल करपणार नाही.

अशाच एका दुकानी एक सद्गृहस्थ आपल्या मोठ्या गाडीचा जाम झालेला टर्बो पिशवीत घालून आले होते, आणि त्याच्याही वरच्या मॉडेलाचा, अधिक दाबाचा टर्बो त्यांना हवा होता. दुकानदाराने गाडी कोठे चालते ते विचारले. द्वारका ते कॅनॉट प्लेस, आणि रविवारी मॉल. त्याने कडी नुसत्या काजळीने अडली आहे हे दाखविले, दांड्यात खेळ नाही हेही दाखविले, साफ करून घ्या, काम होऊन जाईल, असे सांगितले. वर हेही सांगितले की मोठा टर्बो बसविला तरी इंजेक्टर आणि इंजिनाचा संगणक पूर्वीच्याच हिशेबाने इंधन सोडणार, शिवाय मोठे चक्र गर्दीत आणखी उशिरा फिरणार आणि काजळी आणखी लवकर धरणार. गिऱ्हाईक परत पाठविणारा व्यापारी विरळा. हा तसा निघाला. सद्गृहस्थांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, मान डोलावली, आणि मग शेजारच्या दुकानात जाऊन त्यांनी मोठ्या टर्बोचा भाव विचारला.